तान्हे बाळ आणि फ्ल्यूची साथ
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नागपूर येथे केलेले भाषण)



यंदाच्या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची, उद्योजकांची आणि समाजसेवकांची भाषणे आपण ऐकली आहेत. आम्ही पडलो एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि त्यावर मास्तरकीचे प्रशिक्षण. तरीही चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, ‘तान्हे बाळ आणि फ्ल्यू’. चिटणीस हसले आणि म्हणाले, “गुरुजी, हा तर डॉक्टरांचा विषय.” आम्ही म्हणालो, “औषध देणे हे डॉक्टरांचे काम खरे. परंतु रोग घरात आणून पाळण्यापर्यंत पोहोचविणे हे काम आपणच करतो. आणि ते काम आमच्या हातून एकदा झालेले असल्यामुळे त्याविषयी बोलण्याचा आम्हांस थोडाफार अधिकार आहे.”

तो प्रसंगच प्रथम निवेदन करतो. त्यात आमची शोभा नाही. परंतु जन्मभर मुलांना ‘चूक केलीस तर उभा राहून सांग’ असे शिकविणाऱ्याने स्वतःची पाळी आली असता बाकावर बसून राहणे बरे नव्हे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सूनबाई माहेरून बाळंतपण आटोपून नुकत्याच घरी परतल्या होत्या. नात अडीच महिन्यांची. घरात बावीस वर्षांनी तान्हे मूल आलेले. तेव्हा संक्रांत होताच तिचे बोरन्हाण थाटामाटाने करावयाचे असे आम्ही ठरविले. काळे झबले शिवून झाले, हलव्याचे दागिने आले, बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या यांनी परात भरली, आणि आळीतील झाडून साऱ्या बालगोपाळांना आमंत्रण गेले. त्याआधी चार दिवस आम्ही अमरावतीस एका नातलगाच्या तेरवीला जाऊन आलो होतो. परतीच्या एस.टी.त शेजारचा प्रवासी वाटभर खोकत होता. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आमचे अंग मोडून आले, घसा धरला, किंचित कसकस वाटली. थंडीचे दिवस; आम्ही काढा घेतला आणि ती गोष्ट विसरलो.

बोरन्हाणाच्या सकाळी सूनबाईंनी, मोठ्या अदबीने, आमच्या सहधर्मचारिणीमार्फत निरोप पाठविला की, “बाबांना सर्दी आहे, तर आज बाळाला त्यांनी जवळ घेऊ नये, आणि सोहळाही पुढे ढकलता आला तर बरे.” तो निरोप ऐकून आम्हांस जो राग आला तो आज आठवला तरी लाज वाटते. आम्ही म्हणालो, “पस्तीस वर्षे खडूची धूळ खाल्ली, हजारो पोरांच्या सर्द्या अंगावर घेतल्या, आणि आता आमच्याच नातीला आमचा विटाळ होतो काय?” सूनबाई गप्प राहिल्या. आम्ही नातीला मांडीवर घेतले, तिचे मुके घेतले, आणि पंधरावीस शेंबड्या नाकांची पोरे भोवती बोरे वेचीत असताना दीड तास तिला घेऊन बसलो. छायाचित्रे उत्तम आली.

तिसऱ्या दिवशी नातीने दूध तोडले. खोकला नाही, शिंक नाही. फक्त अंग कोमट आणि ती सारखी झोपेत. घरातील वडील बायकांनी दृष्ट काढली. कोपऱ्यावरच्या एका दवाखान्यातून सर्दीची बाटली आली. त्यात तो दिवस आणि अर्धी रात्र गेली. रात्री दोनच्या सुमारास सूनबाईंनी दिवा लावला, बाळाचे दुपटे सोडले आणि घड्याळ समोर ठेवून तिच्या पोटाकडे पाहत बसल्या. पूर्ण एक मिनिट झाल्यावर म्हणाल्या, “चौसष्ट.” आम्ही विचारले, “काय चौसष्ट?” त्या म्हणाल्या, “श्वास. पन्नासाच्या आत हवेत. आताच निघायचे.” पुढे तपासणीत फ्ल्यूच निघाला, फुप्फुसास सूज आलेली होती. प्राणवायूची नळी नाकाला लावून ती आठ दिवस रुग्णालयात होती. त्या आठ दिवसांत आम्ही बाहेरच्या बाकावर बसून एकच हिशेब करीत होतो, की सूनबाईंचा निरोप मानला असता तर आमचे काय गेले असते? काहीच नाही. एक दिवसाचा मान.

ईश्वरकृपेने आणि त्याहूनही सूनबाईंच्या दक्षतेने नात बरी झाली. आता ती आमच्या मिशा ओढते. परंतु प्रत्येक घरात रात्री दोन वाजता श्वास मोजणारी सूनबाई असेलच असे नाही. म्हणून हे भाषण.

आता मूळ विषयाकडे वळू. फ्ल्यू म्हणजे नुसती सर्दी अशी आपली समजूत आहे. आपल्या आजी-पणजीची तशी नव्हती. त्यांच्या पिढीने या रोगाला ‘मानमोडी’ हे नाव दिले होते. माणसाची मान मोडून टाकणारा रोग. १९१८ साली जूनच्या सुमारास तो मुंबईत अवतरला. पहिली लाट सौम्य होती. पावसाळ्याअखेर दुसरी लाट उसळली आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर पसरली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. पोटात अन्न नाही आणि अंगात ताप, अशा स्थितीत माणसे पटापट गेली. हिंदुस्थानात त्या साथीत किती मेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ या एकाच दशकात आपल्या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्याचे मुख्य कारण ही साथ. आणि आपला तेव्हाचा मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वांत अधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता.

आमची आजी तेव्हा दहा वर्षांची होती. भंडाऱ्याकडे वैनगंगेच्या काठी तिचे माहेर. ती सांगे की, दसऱ्यानंतर गावात चुली पेटेनाशा झाल्या. तिची आई तापाने पडली, आणि अंगावर पिणारा धाकटा भाऊ तिच्याच कुशीत राहिला. आई मंगळवारी गेली, भाऊ शुक्रवारी. “त्याला कुणी वेगळं ठेवलंच नाही रे,” असे ती म्हातारपणी म्हणे, “कुणाला ठाऊकच नव्हतं.” हे तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या वेळी हा रोग कशाने होतो हे जगातील मोठमोठ्या वैद्यांनाही कळले नव्हते. एका जंतूवर त्याचा चुकीचा आरोप ठेवला गेला होता. माणसाला होणाऱ्या फ्ल्यूचा खरा विषाणू सापडला १९३३ साली, लंडनमध्ये. लस त्यानंतरची. तात्पर्य, आजीच्या आईचा दोष नव्हता. आम्हांस मात्र सारे ठाऊक असण्याची सोय होती. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्ल्यूने देशातील पहिला बळी घेतला, २०१५ च्या हिवाळ्यात आपल्या नागपुरातच त्या रोगाने कहर केला, पुढे २०२० साली करोना आला. वर्तमानपत्रे भरभरून लिहीत होती. ते सारे आम्ही वाचले होते, आणि वर्गात मुलांना समजावूनही सांगितले होते.

हा रोग पसरतो कसा? रोगी खोकला, शिंकला किंवा जवळून बोलला की सूक्ष्म थेंब उडतात. ते समोरच्याच्या नाकातोंडात जातात, अथवा हातावर बसतात आणि त्या हाताने बाळाचा गाल कुरवाळला जातो. पोलाद, प्लॅस्टिक अशा गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक टिकू शकतो. म्हणजे खुळखुळा, चमचा, दाराची कडी आणि आपला मोबाइल. आणखी एक कपट असे की, अंगात लक्षणे दिसण्यापूर्वी एक दिवस आधीपासून रोगी रोग पसरवू लागतो आणि पुढे पाचसात दिवस पसरवीत राहतो. म्हणून ‘मला काही झालेले नाही’ हे वाक्य पाळण्याजवळ फारसे विश्वसनीय नाही.

मोठ्या माणसाला चार दिवस अंथरुणात घालणारा हा ताप तान्ह्या बाळाला घातक का व्हावा? त्याच्या श्वासनलिका अत्यंत अरुंद असतात. थोडी सूज, थोडा कफ, की वाट बुजते. त्याच्या शरीराने या शत्रूचे तोंड पूर्वी पाहिलेले नसते. ते काय होते आहे हे सांगू शकत नाही. पुष्कळदा खोकतही नाही, केवळ दूध सोडते आणि गळून जाते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी आम्हांस रुग्णालयाच्या बाकावर बसल्यावर प्रथम कळली, ती ही की, सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फ्ल्यूची लस देता येत नाही. म्हणजे ज्या सहा महिन्यांत भय सर्वाधिक, त्याच सहा महिन्यांत त्याच्या अंगावर चिलखत नाही. मग त्याचे रक्षण कोणी करावयाचे? भोवतीच्या माणसांनी. बाळाला तटबंदी करता येत नसेल तर आपणच तट व्हावे, एवढेच आमचे आजचे सांगणे आहे.

या तटाचा पहिला चिरा बसतो बाळ जन्माला येण्यापूर्वीच. गर्भवती स्त्रीने फ्ल्यूची लस टोचून घेतली म्हणजे तिच्या रक्तात तयार झालेली संरक्षक द्रव्ये वारेतून गर्भाला पोहोचतात, आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ आईच्या त्या पुंजीवर जगते. हा तर्क नव्हे; शेजारच्या बांगलादेशात ढाका येथे ३४० मातांवर केलेल्या प्रयोगात, ज्या मातांनी ही लस घेतली त्यांच्या बाळांत तपासणीने सिद्ध झालेला फ्ल्यू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. पुढे नेपाळ, माली आणि दक्षिण आफ्रिका येथेही असे प्रयोग झाले; तेथे लाभ याहून कमी दिसला, पण दिसला. या टोचणीतील विषाणू निर्जीव केलेले असतात, त्यामुळे गर्भाला त्यापासून फ्ल्यू होत नाही. आपल्या समाजात गर्भवतीला धनुर्वाताची टोचणी देण्याविषयी आता कोणी वाद घालीत नाही. ही दुसरी टोचणीही तितक्याच सहजपणे डॉक्टरांस विचारून घ्यावी. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली गर्भवतींना ही लस मोफत देण्यास प्रारंभ केला होता. सध्या ती कोठे मिळते याची चौकशी जवळच्या सरकारी दवाखान्यात अवश्य करावी. बाळंतपणापूर्वी राहून गेले तर नंतर घ्यावी. दूध पाजणाऱ्या आईला ती वर्ज्य नाही.

दुसरा चिरा घरातील इतर माणसांचा. बाप, आजी, आजोबा, शाळेत जाणारी मोठी भावंडे, बाळाला न्हाऊ घालणारी बाई, या सर्वांनी वर्षातून एकदा लस घ्यावी. विषाणू दरवर्षी वेष पालटतो म्हणून लसही दरवर्षी नवी करावी लागते. टोचल्यावर अंगात बळ येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून साथ दारात आल्यावर धावू नये. आपल्याकडे साथीचे दोन हंगाम प्रामुख्याने दिसतात, एक पावसाळ्यात व त्यानंतर, आणि दुसरा जानेवारी ते मार्च. लस शंभर टक्के राखील अशी हमी नाही; परंतु छत्री घेतल्यावरही पाय भिजतात म्हणून आपण छत्री टाकून देत नाही.

आणि बाळाला सहा महिने पूर्ण होताच त्याची स्वतःची लस सुरू करावी. पहिल्या वर्षी दोन टोचण्या, किमान चार आठवड्यांच्या अंतराने. नंतर दरसाल एक. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना ही लस दरवर्षी द्यावी असे सांगते. सरकारच्या नेहमीच्या लसीकरणाच्या तक्त्यात ती नाही, पदरचा पैसा घालावा लागतो, हे आम्ही जाणतो. पण बोरन्हाणाच्या हलव्याच्या दागिन्यांना आम्ही जो खर्च केला तो आम्हांस आठवतो, म्हणून अधिक बोलत नाही. शिवाय न्यूमोनियाच्या काही जंतूंविरुद्धची लस सरकारी तक्त्यात दीड महिन्यापासून मोफत आहे. ती चुकवू नये.

तिसरा चिरा आईच्या दुधाचा. पहिला चीक आणि पुढे सहा महिने केवळ अंगावरचे दूध, यांतून रोगाशी झुंजणारी द्रव्ये बाळाला रोज मिळतात. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आईलाच फ्ल्यू झाला तर पुष्कळ घरांत बाळाचे दूध तोडतात. तसे करू नये. दुधातून हा रोग जात नाही. तो जातो श्वासातून. आईने साबणाने हात धुवावे, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी आणि पाजावे. पाजून झाल्यावर, घरात निरोगी माणूस असेल तर बाळ त्याच्याकडे द्यावे. फारच अशक्तपणा असेल तर दूध काढून वाटीचमच्याने पाजता येते.

चौथा चिरा अगदी साध्या गोष्टींचा: हात, वारा आणि धूर. साबणाने वीस सेकंद हात चोळले म्हणजे या विषाणूचे स्निग्ध कवच फुटते. नुसत्या पाण्याने ते होत नाही. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी दिवसातून काही वेळ तरी उघडावी. शेगडीचा धूर, धूप, उदबत्ती, डासांची अगरबत्ती आणि विडी-सिगारेट ही बाळाच्या छातीची शत्रू आहेत. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजणे तर प्राणावर बेतते. आम्हांस ठाऊक आहे की धुरी दिल्याशिवाय बाळंतपण झाले असे काही आजीबाईंना वाटत नाही. त्यांच्या मायेविषयी आमची तक्रार नाही, धुराविषयी आहे.

याच अनुषंगाने आपल्या रूढीविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात. जुन्या काळी बाळंतिणीची खोली वेगळी असे. सोयर पाळीत, सव्वा महिना परक्या माणसाला आत प्रवेश नसे. आम्ही तरुणपणी यास भाबडेपणा म्हणत असू. आता वाटते की, कारण चुकीचे असले तरी अंतर ठेवण्याची चाल हितकर होती. अर्थात त्या खोलीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती अंधारी, कोंदट आणि धुराने भरलेली असे, आणि तीत पुष्कळ बायका-मुले दगावत. हे पाहूनच या नागपुरात १९२१ साली, म्हणजे मानमोडीनंतर तीनच वर्षांनी, कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृ सेवा संघाची स्थापना केली. बालविधवा असलेल्या कमलाताईंनी परिचारिकेचे शिक्षण घेऊन गोरगरिबांच्या बाळंतपणासाठी आयुष्य वेचले. त्या स्त्रियांनी बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीतून उजेडात आणले. आपण मात्र उजेडात आणताना तिला थेट गर्दीत नेऊन बसविले. उजेड ठेवावा आणि अंतरही ठेवावे, असा मार्ग काढणे आपल्या हाती आहे.

आता त्या ‘चौसष्ट’कडे येऊ. सूनबाईंना श्वास मोजण्याचे ज्ञान आले कोठून, हे आम्ही नंतर त्यांस विचारले. त्यांच्या माहेरी, बाळंतपणानंतर घरी भेट देणाऱ्या आशाताईंनी त्यांना ते शिकविले होते. आणि आशाताईंकडे ते आले आपल्याच विदर्भातून. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेद्वारे बालमृत्यूंविरुद्ध काम चालविले आहे. जेथे डॉक्टर नाही, रस्ता नाही, तेथे न्यूमोनिया ओळखावयाचा कसा? त्यांनी खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीपुरुषांना बाळाचे श्वास मोजावयास शिकविले. ज्यांना अंक मोजता येत नव्हते अशा सुइणींसाठी मण्यांचे एक साधे यंत्र केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी आला की धोका. पुढे याच भूमीत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागले, आणि त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाले. पुढे ही रीत देशभर आशाताईंच्या कामात उतरली. निरक्षर सुईण जे करू शकते ते आपल्या समाजातील पदवीधर आईबापांना आणि आजोबांना का करता येऊ नये?

म्हणून मास्तरकीच्या जुन्या सवयीने आता आपल्याला एक धडा देतो. कृपया ध्यान द्यावे. बाळ शांत असताना किंवा झोपेत असताना त्याचे झबले वर करावे आणि पोटाकडे पाहावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले म्हणजे एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटास साठ किंवा अधिक भरले तर धोका. एकदा भरले तर पुन्हा मोजून खात्री करावी. दोन महिने ते एक वर्ष, पन्नास किंवा अधिक. एक ते पाच वर्षे, चाळीस किंवा अधिक. साठ, पन्नास, चाळीस. पाढ्यांपेक्षा हे सोपे आहे.

श्वासाखेरीज आणखी काही खुणा अशा की, त्या दिसताच सकाळची वाट न पाहता निघावे. बाळ दूध ओढीत नाही. छातीचा खालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातो. कण्हते. ओठ निळसर दिसतात. श्वास मधेच थांबतो. झटके येतात. जागे करूनही जागे होत नाही. लघवी फारच कमी होते. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप १००.४ अंशांवर गेला तर तेवढे एकच कारण पुरेसे आहे. आणि अगदी तान्हे बाळ उलट थंडगार पडले तर तेही तितकेच गंभीर. आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये आहेत, खासगी बालरोगतज्ज्ञही पुष्कळ आहेत. खेड्यातील बांधवांनी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फ्ल्यूवर विषाणूनाशक औषध आहे आणि ते अगदी लहान बाळांनाही डॉक्टर वजनाप्रमाणे देऊ शकतात; मात्र ते लवकर, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण येतो. म्हणून दृष्ट काढण्यात गेलेली आमची ती अर्धी रात्र फार महाग होती.

काय करू नये तेही थोडक्यात सांगतो. मुलांना ॲस्पिरिन कदापि देऊ नये. मोठ्या भावंडाची उरलेली औषधाची बाटली धाकट्याला पाजू नये. बाळाच्या छातीला कापूर किंवा झोंबणारा बाम चोळू नये. नाकात तेल सोडू नये. वर्षाच्या आत मध चाटवू नये. यांतील प्रत्येक गोष्ट मायेने केली जाते, आणि प्रत्येकीने अपाय होऊ शकतो.

आता मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत बारसे घरच्या घरी, मोजक्या निरोगी माणसांत करावे. थाट पुढे वाढदिवसास करता येतो. बोरन्हाण तर मूल पाच वर्षांचे होईपर्यंत कोणत्याही संक्रांतीस करण्याची आपली चाल आहे. मग पहिल्याच थंडीत अट्टाहास कशासाठी? दुसरी, आपल्या निमंत्रणपत्रिकेत ‘आहेर आणू नये’ या ओळीप्रमाणे आणखी एक ओळ छापावी, ‘सर्दी-ताप असल्यास आशीर्वाद दुरून द्यावेत’. ती ओळ छापलेली असली म्हणजे कोणा सूनबाईला सासऱ्याकडे निरोप पाठविण्याचे धाडस करावे लागणार नाही. तिसरी, मंडळाच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर साठ-पन्नास-चाळीस हा कोठा आणि धोक्याच्या खुणा छापाव्या. तो खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ.

शेवटी आमच्या वयाच्या मंडळींना एक विनंती. घरात नातवंड आले की त्याच्यावर आपला पहिला हक्क असे आपल्याला वाटते. वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खोकला असेल त्या आठवड्यात दाराच्या चौकटीतूनच हात जोडावे. सूनबाई किंवा लेक ‘आज नको’ म्हणाली तर त्यात आपला अपमान शोधू नये. गेल्या हिवाळ्यात आम्हांस पुन्हा सर्दी झाली. आम्ही सहा दिवस वेगळ्या खोलीत राहिलो. नात दाराशी येऊन हाका मारी आणि आम्ही आतून तिला बडबडगीते म्हणून दाखवीत असू. सातव्या दिवशी सूनबाईंनी स्वतः तिला आणून आमच्या मांडीवर ठेवले. तो मान आम्हांस त्या बोरन्हाणाच्या दिवशीच्या मानापेक्षा मोठा वाटला.